करकोचीणबाईंचं अंडं

३ एप्रिल

मामाकडे आले. दोन दिवसांसाठी. मामीने दार उघडलं, आधी माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "या वेळी काय सोडलंस? नोकरी, कॉलेज, की दोन्ही?"

"दोन्ही. शिवाय खोलीपण."

"बरं. हातपाय धू, जेवायला बस."

मामा आईचा धाकटा भाऊ. लहानपणापासून मला भिंगरी म्हणतो, कारण मी एका जागी टिकत नाही. घर वर, कारखाना खाली. कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. एका टोकाला मामा मोटारसायकलींच्या टाक्या आणि हेल्मेटं रंगवतो, दुसऱ्या टोकाला मामी त्यांच्या सीटा शिवते. छताला आकड्यांवर टाक्या लटकलेल्या. खाली झोपलं तर रात्रभर वाटेल, आता पडली डोक्यात.

शनिवारी निघणार. समुद्रकाठच्या एका हॉटेलात मैत्रीण कामाला आहे, ती म्हणते तिथे माणसं हवीत.

५ एप्रिल

शनिवार आला आणि गेला. कारण असं झालं, की बस पकडायला खाली उतरले आणि मामा एका हेल्मेटवर पीस रंगवत होता.

एअरब्रश मी याआधी पाहिला नव्हता असं नाही. पण नुसता पाहिला होता, नीट बघितला नव्हता. पेनाएवढं यंत्र. वर रंगाची वाटी, करंगळी बुडेल एवढीच. मागून नळी, नळीच्या टोकाला गुरगुरणारा कॉम्प्रेसर. मामा बोटाने कळ दाबतो, नुसती हवा सुटते. मग तीच कळ केसभर मागे ओढतो, आणि हवेत रंग मिसळतो. पण दिसत काहीच नाही! मला वाटलं वाटी रिकामी आहे. मामाचा हात हेल्मेटवरून जातोय, येतोय, पुन्हा जातोय, आणि पांढऱ्यावर पांढरंच. मग कधीतरी तिथे सावली होती. कधी आली ते सांगता येणार नाही. संध्याकाळ होते तशी आली. त्या सावलीच्या कडेने पिसाचा एकेक तंतू उमटला, आणि पीस हेल्मेटपासून सुटं झालं. मी चक्क फुंकर मारली.

मामा हसून खोकायला लागला. "उडालं का?"

"न टेकवता कसं रंगवतोस?"

"तेच तर. ब्रश टेकतो, पेन्सिल टेकते, माणूस टेकलं की निर्धास्त होतो. इथे टेकायला काही नाही. म्हणून लोक घाबरतात."

बस गेली. पिशवी परत वर नेली, तर मामीने जास्तीची उशी काढून ठेवलेली दिसली.

८ एप्रिल

तीन दिवस कागदावर ठिपके मारतेय. जवळून मारला तर रंग साचतो आणि हवेने फाकून त्याला पाय फुटतात, अगदी कोळ्यासारखे. लांबून मारला तर धूळ बसल्यासारखं दिसतं. रंग दुधासारखा पातळ हवा, घट्ट झाला की सुईच्या टोकावर वाळतो आणि मग थुंकतो. माझ्या कागदावर कोळ्यांची जत्रा भरली आहे.

मामा म्हणतो, "बोट राहू दे बाजूला, आधी श्वास सांभाळ."

कंटाळा आला नाही. हे लिहून ठेवते, कारण मला कंटाळा न येणं ही बातमी आहे.

९ एप्रिल

आज एक बाई स्कूटरची फाटलेली सीट घेऊन मामीकडे आली. मामी माप घेत होती तेवढ्यात बाईंची नजर त्या हेल्मेटवर गेली आणि सीट राहिलीच. त्या प्राणीसंग्रहालयातल्या पक्ष्यांच्या डॉक्टर. मामाला म्हणाल्या, "तुम्ही अंडं रंगवाल का?"

मामाला वाटलं थट्टा करतात. "उकडून की कच्चं?"

पण त्या हसल्या नाहीत. त्यांच्याकडे करकोच्यांची एक जोडी आहे. या जातीचे आता जगात थोडेच उरलेत. मादीने या वर्षी दोन अंडी घातली. नर धांदरट, घरट्यात उतरताना त्याचा पाय एका अंड्यावर पडला. फुटलं. दुसरं डॉक्टरीणबाईंनी उचलून उबवणीच्या पेटीत ठेवलंय. पिल्लू बाहेर यायच्या बेताला ते परत मादीखाली सरकवायचं. पण तोवर तिला घरट्यात बसवून ठेवायला खोटं अंडं लागतं. लाकडाचं ठेवलं तर ती दर तासाला ढकलून देते. एकदा का ती घरटं सोडून गेली, की मग पिल्लू जन्मलं तरी त्याला आई नाही.

"तुम्ही वाढवाल की," मी म्हटलं.

"मागच्याला वाढवलं. येऊन बघ त्याचं काय झालंय."

मामाकडे शर्यतीवाल्यांच्या टाक्या खोळंबल्यात. त्याने माझ्याकडे बोट केलं. "हिला द्या."

मामीच्या तोंडात टाचण्या होत्या, तरी ती बोललीच. "हिला? ही चहा उकळायच्या आत गॅसजवळून उठते!"

१० एप्रिल

बघून आले.

मागच्या वर्षीचा करकोचा आता माणसाच्या छातीएवढा उंच आहे. तो दिवसभर फाटकापाशी, रखवालदारदादांच्या खुर्चीजवळ उभा असतो. शेजारच्या कुंपणात त्याच्याच जातीचे पक्षी आहेत, त्यांच्याकडे तो पाठ करतो. दादा झाडायला उठले की पंख पसरून झाडूपुढे नाचतो. कमरेत वाकतो, उडी मारतो, गवताची काडी उचलून हवेत फेकतो. लग्नाची मागणी आहे ती, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. झाडूला.

मी आधी खूप हसले. दादापण हसले, मग म्हणाले, "रोज करतो हो तो." त्यानंतर मला हसता येईना.

मादी पलीकडच्या तळ्याकाठी, वाळक्या लव्हाळ्याच्या ढिगावर. मी तिला करकोचीणबाई नाव ठेवलंय. मान अशी की तिच्यापुढे आपण ताठ उभं राहावं. माझ्यासमोरच उठली, लाकडी अंड्याकडे एक डोळा लावून पाहिलं आणि चोचीने ढकलून दिलं. रागाने नाही. हॉटेलात चुकीची थाळी आली की कसं परत करतो, तसं.

डॉक्टरीणबाईंनी फुटलेल्या अंड्याच्या कवचाचे तुकडे दिले, आणि चार-पाच पांढरी अंडी दिली. ओतीव, भरीव, वजनाला खऱ्याइतकी. "रंग तेवढा तुझा."

१३ एप्रिल

कवच म्हणजे काय प्रकरण आहे! वरवर पाहिलं तर मळकट पांढरं, त्यावर तपकिरी डाग. पहिल्या दिवशी मी तसंच रंगवलं. मामा टाकी सोडून आला, बघितलं, म्हणाला, "बिस्कीट झालंय."

मग भिंग घेऊन बसले. डाग सगळे वर नाहीतच. काही तपकिरी, अगदी वर. काही जरा खोल, विटकरी. आणि काही फार खोल, फिकट जांभळट, धुक्यापलीकडच्या डोंगरासारखे. कवच तयार होताना आतल्या आतच डाग पडत जातात म्हणे, आणि वरून पुढचा थर बसतो. म्हणजे हे अंडं कोणीतरी थराथराने रंगवलंय. अंधारात, आत, न बघता. आणि न टेकता!

मी तसंच करायला घेतलं. जांभळट डाग, त्यावर मूळ रंगाची वाफ. विटकरी डाग, पुन्हा वाफ. वाफ इतकी पातळ की एका फेरीत काहीच दिसत नाही. डाग हळूहळू मागे जातात. मी हाताने त्यांना लांब ढकलतेय असं वाटतं, एका कवचाइतक्या जाडीत कोसभर लांब. जेवायला हाक मारली ते ऐकू आलं नाही. मामी वरून खाली आली, ताट ठेवलं आणि तिथेच उभी राहून बघत राहिली. "एवढं करून त्या पाखराला फसवायचंच ना शेवटी?" म्हणाली.

मी वाटीत पुढच्या वाफेचा रंग भरला.

१५ एप्रिल

झालं! तुकडा शेजारी ठेवला तर मामालासुद्धा फरक सांगता येईना. मामीने हातात घेतलं, दोन्ही हातांनी, आणि लगेच खाली ठेवलं.

आजवर मी एकही गोष्ट शेवटास नेलेली नाही. हे मात्र पुरतं करणार होते, म्हणून सगळे झोपायला गेल्यावर मामा टाक्यांवर मारतो तो शेवटचा हात मारला. काचेसारखा, दोन थर. मामा नेहमी म्हणतो, चकाकी आल्याशिवाय काम संपलं म्हणू नये. आता तर ते रत्न दिसतंय.

१६ एप्रिल

मी गाढव आहे.

खाण्याच्या वेळी दोघं पक्षी घरट्यावरून उतरले, दादांनी अंडं ठेवलं. करकोचीणबाई परत आल्या. बसायला वाकल्या आणि थांबल्या. माझ्या चकचकीत अंड्यात त्यांना दुसरी करकोचीण दिसली. घरट्यात! त्यांच्या अंड्याच्या जागी! अशी चोच हाणली की ठक्क आवाज कुंपणाबाहेर आला. पुन्हा हाणली. मग पंख अर्धे उघडून मागे सरल्या, ओरडल्या, आणि तळ्याच्या दुसऱ्या टोकाला निघून गेल्या. नर त्यांच्या मागोमाग. अंड्यावर ऊन लखलखत होतं.

दुपार झाली तरी परत येईनात. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पाहवत नव्हता. शेवटी त्यांनी दुसरा उपाय नाही म्हणून खरं अंडं पेटीतून काढलं, ऊबदार कापडात गुंडाळून नेलं आणि घरट्यात ठेवलं. खरं. एकुलतं एक. त्या धांदरट पायांखाली.

करकोचीणबाई बऱ्याच वेळाने आल्या आणि बसल्या. आम्ही श्वास सोडला, तर त्या उठल्या आणि नराची पाळी सुरू झाली. तो घरट्यात पाय कसा टाकतो ते एकदा बघावं. घाईची बस पकडल्यासारखा.

"किती वेळात दुसरं देशील?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी मामाला सांगितलं. तो स्टुलावर बसला. "माझीच शिकवण," म्हणाला. "टाकीला माणूस गिऱ्हाईक असतो गं. त्याला स्वतःचं तोंड बघायचं असतं तिच्यात."

१७ एप्रिल

शर्यतीवाला टाकी न्यायला आला, मामाने त्याला परत पाठवलं. "उद्या या. आज अंड्याचं काम चालू आहे." तो माणूस काय समजला देव जाणे.

मामा दिवसभर माझ्या शेजारी बसला, पण एअरब्रशला हात लावला नाही. फक्त वाटीत रंग भरून द्यायचा आणि सुई पुसून द्यायचा. सारखं वाटत होतं की आत्ता, या क्षणी, तिथे पाय पडला असेल. आणि असं वाटलं की बोट थरथरतं, थरथरलं की कोळी उमटतो. दोन अंडी बिघडली. मग मामा म्हणाला, "अंडं इथे आहे. तिथलं तिथे." तिसऱ्याला हात बसला.

चकाकी मारली नाही, तरी रंगालाच थोडी झाक होती. दिव्याखाली धरलं की कळायचं. आम्ही दोघं डोकं धरून बसलो. तेवढ्यात मामी आपल्या टोकाकडून उठली, कापडावर खुणा करायचा खडू खलबत्त्यात घालून पिठासारखा कुटला, मऊ चिंधीवर घेतला आणि अंडं मांडीत धरून हलक्या हाताने चोळत बसली. गोल गोल. झाक मेली. ते अंडं आता रंगवलेलं दिसेना. कुणीतरी घातलेलं दिसायला लागलं.

"कुठून सुचलं तुला?" मामाने विचारलं.

"रेक्झिनच्या चकाकीवर टाके दिसत नाहीत मला, तेव्हा करते. चाळीस सीटा शिवल्या की सुचतं."

तरी अंडं माझ्या हातात द्यायला तिने जरा वेळच लावला.

१८ एप्रिल

खरं अंडं शाबूत होतं. दादांनी ते उचललं, माझं ठेवलं, आणि पळत आले.

करकोचीणबाई आल्या. उभ्या राहिल्या. डावा डोळा लावला, मग उजवा. चोच खाली नेली. मी दादांच्या बाहीचा कोपरा धरला होता हे नंतर कळलं. चोचीने अंडं किंचित फिरवलं. पुन्हा थोडं फिरवलं. मी जिथे जिथे वाफ मारली होती त्या सगळ्या बाजू त्यांनी बघितल्या, कुठल्याही परीक्षकाने बघितल्या नसतील इतक्या सावकाश. मग पोटाची पिसं फुलवली, गुडघे मोडले आणि अंगाखाली सगळं झाकून घेतलं. डोळे अर्धे मिटले.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत. देवळात जसं हळू बोलावंसं वाटतं तसं वाटलं.

२२ एप्रिल

आज डॉक्टरीणबाईंनी खोलीत अंधार केला आणि खऱ्या अंड्याखाली दिवा धरला. कवच पेटलं. आत लाल रेषा, झाडाच्या फांद्यांसारख्या, आणि मधोमध एक गडद सावली. मी म्हटलं, सुंदर आहे. तेवढ्यात ती सावली हलली.

हलली! कूस बदलल्यासारखी. इतके दिवस मी वरच्या डागांकडे बघत होते आणि आत कुणीतरी होतं.

घरी येऊन जेवताना सांगत सुटले. मामीचा घास हातातच राहिला. "स्वतः पाहिलंस? हललं?"

"अगं, लाथ मारल्यासारखं!"

ती उठून आत गेली. ताट तसंच. मामा हळूच म्हणाला, "तिच्यापुढे अंड्याचं फार काढत जाऊ नकोस."

मामीला पक्षी आवडत नाहीत बहुधा. तरी मला वाटलं होतंच, पहिल्या दिवसापासून ती जरा फटकूनच वागते. आज शिलाई मशीनही बंद होतं.

२८ एप्रिल

मैत्रिणीचा फोन. जागा अजून आहे, ये लवकर. येते म्हटलं. मग जाण्याआधी प्राणीसंग्रहालयात जरा डोकावून यावं म्हणून निघाले, तर मामी चपला घालून दारात उभी.

"चल. बघू तरी काय आहे तुझी बाई."

कुंपणापाशी आम्ही खूप वेळ उभ्या होतो. वारा होता. लव्हाळ्याची पाती उलटत होती, करकोचीणबाई मात्र हलत नव्हत्या. मी मामीला सगळं समजावलं, नर कोणता, पाळी कशी बदलते, त्या अंडं कशा फिरवतात. शेवटी मनात होतं तेही बोलले. "कधी कधी मला वाईट वाटतं. आत काही नाही, आणि ही बिचारी दिवसभर ऊब देतेय. तिला कळत कसं नाही?"

मामी तिच्याकडेच बघत होती. "कळत असेल."

"मग बसेल कशाला?"

"कळत असूनही बसली असेल. एकदम उठता येत नाही गं."

घरी आल्यावर मामीने मला गळ्यापासून गुडघ्यापर्यंतचा एक अॅप्रन दिला, रेक्झिनचा, पुढे सुया खोचायला कप्पा असलेला. माझ्या मापाचा. म्हणाली, उरलेल्या कापडाचा आहे. पण हा निळा रंग मी कारखान्यात आजवर एकाही सीटवर पाहिला नाही. मैत्रिणीला फोन करायचा राहिला.

४ मे

सकाळी डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, अंड्याला आतून टोचा पडलाय. मामाने कारखान्याला कुलूप लावलं. तिघंही गेलो.

पेटीतून अंडं काढलं तेव्हा त्याच्या एका बाजूला चांदणीसारखी चीर होती. आणि आतून आवाज! बारीक, चिडका. "ऐक, ऐक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि अंडं माझ्या कानाशी धरलं. मी हे आयुष्यभर विसरणार नाही. कवचातून कुणीतरी मला रागावत होतं.

या वेळी दोन्ही अंडी शेजारी राहू द्यायची ठरली. खोटं एकदम काढलं आणि हे आवाज करणारं अंडं त्यांनी नाकारलं तर दोन्हीकडून गेलो, म्हणून. दादांनी मक्याच्या दाण्यांनी दोघांना लांब नेलं, खरं अंडं माझ्या अंड्याला लागून ठेवलं. कुंपणावरून पाहिलं तर मला स्वतःला, मला, खरं कुठलं, खोटं कुठलं ते सांगता येईना.

करकोचीणबाई परत आल्या. दोन अंडी पाहून थबकल्या. चोच माझ्या अंड्यावर आली. मग त्याच्यावरून पुढे गेली. आवाज आला.

त्यांची मान एकदम खाली गेली. आणि त्या बोलल्या. मी त्यांचं ओरडणं ऐकलं होतं, दोन कोसांवर जाईल असं. हे तसं नव्हतं. घशातल्या घशात, मांजर घुरघुरतं त्याहून खोल. अंडं गप्प झालं. मग अंड्याने उत्तर दिलं. त्या पुन्हा बोलल्या. असं चाललं होतं त्यांचं, आणि आम्ही कुंपणाबाहेर असे उभे, जसे कुणाच्या तरी खासगी खोलीच्या दाराशी चुकून आलो आहोत.

मग त्यांनी माझ्या अंड्याखाली चोच घातली आणि ते घरट्याच्या कडेपर्यंत सरकवलं. तिथे क्षणभर थांबल्या. आणि ढकललं. ते लव्हाळ्यावरून घरंगळत गेलं आणि डुबुक करून तळ्यात पडलं. सगळ्या वाफा, सगळे जांभळे डोंगर. खऱ्या अंड्यावर त्या इतक्या हळू बसल्या की बसल्या कधी ते दिसलंच नाही.

मामा कपाळावर हात मारून कुजबुजला, "अरे! एवढी कारागिरी, आणि बाईंनी केर काढल्यासारखी काढली!"

"गप्प बसा," मामी म्हणाली. "इतके दिवस तिला बसायला काहीतरी लागलंच होतं ना? वाया कुठे गेलं?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मला वाटलं माझं अंडं बुडाल्याचं तिला वाईट वाटलं, म्हणून मी तिचा हात धरला. "मला नाही गं वाईट वाटलं," मी म्हटलं. ती हसली, हात सोडला नाही.

खरंच वाईट वाटलं नाही. उलट छातीत मावत नव्हतं काहीतरी. मी त्यांना रंगाने फसवलं होतं, आणि त्या रंगाला भुलल्याच नव्हत्या कधी. त्या वाट बघत होत्या.

दुपारी मामा कामाला परतला. आम्ही दोघी थांबलो. ऊन कलल्यावर करकोचीणबाई जरा उठल्या आणि पोटाखाली काहीतरी ओलं, मुठीएवढं, धडपडताना दिसलं. नर घरट्याच्या कडेला आला. पाय उचलला, आणि तसाच उचललेला धरून उभा राहिला. कितीतरी वेळ. टेकवायची हिंमत होत नव्हती त्याची.

पिल्लू ओलं होतं तेव्हा गूळ जळल्यासारखा रंग होता. वाळत गेलं तसा उजळला, मग पाठीवर एक वेगळाच आला, विटकरी म्हणावा तर नाही, सोनेरी म्हणावा तर नाही, आणि वाऱ्याने पिसं उलटली की खालून तिसराच. घरी आल्यावर अॅप्रन बांधला आणि वाटीत तो रंग जमवून पाहिला. चार वेळा पाहिला. जवळपाससुद्धा नाही.

"सकाळच्या उजेडात बघायला पाहिजे," मी म्हटलं.

मामी मशीनवर दोरा ओवत होती. "सातला निघू," म्हणाली.